टर्बो की सुपरचार्जर: १.८ लिटरच्या एका रोजच्या गाडीचं प्रकरण

गाडी कुठली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे डोक्यात नीट बसतील. माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली पण नंतरची, म्हणजे १.६ नाही तर १.८ लिटरवाली. १८३९ सीसी, चार सिलिंडर, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ९, ताकद साधारण १३० हॉर्सपॉवर, टॉर्क १५० न्यूटन-मीटरच्या आसपास, ड्राइव्ह मागच्या चाकांना, वजन टनभर. मालक माझा जुना मित्र. गाडी त्याची एकुलती एक, म्हणजे रोज कामाला जायला पण हीच आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरायला पण हीच, आणि तो डोंगराचा रस्ता साधा नाहीये, पायथ्यापासून चढत चढत जवळपास २००० मीटरपर्यंत जातो. ही उंची लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावरच फिरलाय.

त्याची तक्रार अशी की गाडी वळणात सोन्यासारखी आहे पण चढाला लागली की जीव जातो, दुसऱ्यातून तिसरा टाकला की बसतेच. इंजिन बदलायचं नव्हतं, त्याला गाडी मूळ इंजिनासकटच आवडते. मग फोर्स्ड इंडक्शन, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरायची. टर्बो ती एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून भरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या बेल्टवर फिरून. आणि तिथं तो आधीच ठरवून आला होता, सुपरचार्जरच लावायचा, कारण टर्बोला लॅग असतो, म्हणजे पाय दाबल्यावर ओढ उशिरा येते, आणि लॅग त्याला सहन होत नाही. मी म्हटलं, अरे लावू की, पण तुझा पाय नेमका कुठल्या आरपीएमला किती दाबला जातो ते तुला तरी माहितीये का? तर म्हणाला त्यात काय बघायचं, मी काय नवीन गाडी चालवतोय का.

तर बघायचं होतं, आणि आम्ही बघितलं.

खर्चाचा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चमकदार वस्तू, म्हणजे टर्बो नाहीतर ब्लोअर (सुपरचार्जरच), आणि उरलेल्या पैशात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. आम्ही आधी प्रोग्राम करता येणारा ईसीयू, मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) प्रेशरचा सेन्सर, इनटेकच्या हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि वाइडबँड लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा सेन्सर) एवढंच बसवलं आणि गाडी तशीच, बिनबूस्टची, म्हणजे हवेला जास्तीचा दाब न देता, बरेच दिवस चालवायला दिली. याचा दुहेरी फायदा. एक तर बूस्टशिवायचा मॅप (ईसीयूतलं इंधनाचं आणि ठिणगीच्या वेळेचं कोष्टक) आधी शांतपणे नीट करून होतो, त्यामुळे नंतर काही बिघडलं तर बिघाड नव्या सामानातला आहे की जुन्या मॅपमधला हे कळतं. आणि दुसरं म्हणजे लॉग मिळतो. थ्रॉटल किती, आरपीएम किती, मॅनिफोल्डमध्ये प्रेशर किती, सगळं दर क्षणाचं.

त्याच वेळी इंजिनाची तब्येत पण बघून घेतली, कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो ते. चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असायला हवेत, नसतील तर बूस्टचा विषय तिथंच बंद करून आधी इंजिन खोलायचं. इथं चारही बरोबर निघाले.

लॉगने काय सांगितलं? रोजच्या प्रवासात तो अर्ध्या थ्रॉटलच्या वर क्वचितच जातो. डोंगरात थ्रॉटल पूर्ण उघडतो पण तेव्हा इंजिन ३५०० ते ५५०० च्या पट्ट्यात असतं, कारण चांगला ड्रायव्हर आहे, वळणाआधी गिअर खाली टाकतो. २५०० च्या खाली पूर्ण थ्रॉटल जवळजवळ शून्य. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याला सुपरचार्जर हवा होता, की २००० आरपीएमला पाय दाबला की लगेच धक्का, ती जागा तो वापरतच नव्हता. हे त्याला तोंडी सांगून पटलं नसतं, ग्राफ बघून पटलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो कारण यावर गप्पा फार होतात आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली ढकलल्या जातात. टर्बोचा बूस्ट ठरावीक आरपीएमच्या खाली बनतच नाही कारण एक्झॉस्टचा गॅस तेवढा नसतो, पाय कितीही वेळ दाबून ठेवा. तो झाला थ्रेशोल्ड. आणि थ्रेशोल्डच्या वर असताना पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंत जो वेळ जातो तो झाला खरा लॅग. लोक १८०० आरपीएमला पाचव्या गिअरमध्ये पाय दाबतात आणि म्हणतात लॅग आहे. तो लॅग नाही, गिअर चुकीचा आहे. छोटा टर्बो घेतला की थ्रेशोल्ड खाली येतो आणि बॉल बेअरिंगचा घेतला की लॅग अजून कमी होतो. १९७० च्या दशकातल्या टर्बो गाड्यांनी, १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो किंवा १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो, त्यांनी जी दहशत बसवली ती त्या काळाच्या मोठ्या टर्बोची आणि त्या काळाच्या इंधन यंत्रणेची होती. ती भीती आजच्या छोट्या टर्बोवर लावणं बरोबर नाही.

आता पर्याय. खरं तर दोन नाही, तीन होते.

सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर, म्हणजे टर्बोसारखाच कंप्रेसर पण बेल्टने फिरणारा, हा सगळ्यात आधी गळला. त्याचा बूस्ट फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. समजा ७००० आरपीएमला ०.४ बार मिळतोय, तर ३५०० ला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ०.१ बार, आणि ४५०० ला कसाबसा ०.१७. मित्राचा पाय जिथं असतो तिथं अर्धा बूस्टसुद्धा नाही. सरळ रस्त्यावर इंजिन शेवटपर्यंत ताणणाऱ्याला तो छान, आणि इंजिनावर हळूहळू भार येतो म्हणून सौम्यही, पण इथं उपयोग नव्हता.

मग राहिला रूट्स प्रकारचा सुपरचार्जर आणि छोटा टर्बो. रूट्स ही कल्पना गाड्यांच्याही आधीची आहे, फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये हवा ढकलायचं यंत्र म्हणून पेटंट केलेली. आतमध्ये हवा दाबली जात नाही, दोन रोटर ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला नुसती नेऊन टाकतात आणि दाब तयार होतो तो मॅनिफोल्डमध्ये गर्दी झाल्यावर. म्हणून खालच्या आरपीएमपासून हवा भरपूर, पण म्हणूनच ती तापते पण जास्त. ईटनचे एम४५, एम६२ वगैरे त्याच जातीचे, नावातला आकडा म्हणजे एका फेऱ्यात किती घन इंच हवा हलते तो, एम४५ म्हणजे ०.७४ लिटर. मिनी कूपर एसमध्ये २००२ ते २००६ हाच एम४५ होता आणि पुढच्या पिढीत मिनीने तो काढून टर्बो लावला.

उष्णतेचं गणित आम्ही बसून केलं, कारण बूस्टच्या गप्पा सगळे मारतात पण इंजिनाला बूस्ट नको असतो, हवेचं वजन हवं असतं. बाहेरची हवा ३० अंश धरली आणि बूस्ट ०.४१ बार, म्हणजे दाब १.४१ पट. आदर्श कंप्रेसर असता तरी हवा ३१ अंशांनी तापली असती. साधा रूट्स ५५ टक्के कार्यक्षम धरला तर ५७ अंशांनी तापते, म्हणजे ८७ अंश. टर्बोचा कंप्रेसर ७० टक्के धरला तर ४५ अंशांनी, म्हणजे ७५. फरक बारा अंशांचाच वाटतो, पण खरा फरक पुढे आहे. या गाडीत बसणारे साधे रूट्स किट मॅनिफोल्डला इतके चिकटून बसतात की मध्ये इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) घालायला जागा नसते, आणि घालायचाच म्हटला तर पाण्यावरचा, वेगळा पंप, वेगळा रेडिएटर. टर्बोची हवा तशीही पाइपातून फिरवूनच आणायची असते, तर समोर ग्रिलमागे साधा हवेवरचा इंटरकूलर बसतो. त्याने ७० टक्के उष्णता काढली असं धरलं तर हवा ४४ अंशांवर येते.

आता हवेचं वजन काढा. ८७ अंशांची हवा, दाब १.४१ पट, तर घनता फक्त १.१९ पट. ४४ अंशांची हवा, दाब तोच, तर घनता १.३५ पट. म्हणजे बूस्ट गेजवर दोघांचा काटा अगदी एकाच जागी आहे आणि एकात १९ टक्के जास्त हवा जातेय तर दुसऱ्यात ३५ टक्के! मित्र हा आकडा बघून थोडा वेळ बोललाच नाही. शिवाय तापलेल्या हवेने नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा, धोका वाढतो, मग टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा टाकावी लागते, त्यात अजून ताकद जाते.

शिवाय ब्लोअर फिरवायला ताकद लागते ती क्रँकमधूनच. ६५०० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा घेईल, तेवढी हवा ५७ अंश तापवायला ७ किलोवॅट लागतात, म्हणजे नऊ-साडेनऊ हॉर्सपॉवर नुसती हवा दाबण्यात जाणार, बेल्ट आणि बेअरिंगचं घर्षण वेगळंच. आता यावर टर्बोवाले लगेच म्हणतात की टर्बो फुकट चालतो. तर नाही, फुकट नाही चालत. टर्बाइनच्या आधी एक्झॉस्टमध्ये दाब साचतो, बऱ्याचदा तो बूस्टपेक्षाही जास्त असतो, आणि पिस्टनला तो ढकलून गॅस बाहेर काढावा लागतो. पण इंधनाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून तसाही बाहेर फेकला जातो, त्यातलं थोडं परत वापरलं जातं, म्हणून हिशोब टर्बोच्या बाजूने झुकतो.

सुपरचार्जरची बाजू पण मांडायलाच हवी, कारण तो वाईट पर्याय नाहीये आणि जे लोक तो उगाच हिणवतात त्यांनी चांगला बसवलेला ब्लोअर चालवलेला नसतो. पायाखाली तो इतका सरळ वागतो की इंजिनच मोठं आहे असं वाटतं, १.८ चं जणू २.२ झालंय. एक्झॉस्टला हात लावायचा नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिथंच राहतो आणि पूर्वीइतक्याच लवकर गरम होतो. इंजिनातून ऑइलची लाइन ओढायची गरज बऱ्याच किटना नसते, ब्लोअरचं स्वतःचं ऑइल असतं. बोनेटखाली लालभडक होणारी वस्तू नाही. आणि शांत चालवताना बायपास व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा ब्लोअरच्या भोवतीच फिरते, त्यामुळे तेव्हा फार ताकद खात नाही, म्हणजे अॅव्हरेज एकदम कोसळतं ही भीती पण पूर्ण खरी नाही. आणि तो आवाज. मित्राला तो शिट्टीसारखा आवाज मनापासून आवडतो, आणि स्वतःच्या गाडीसाठी आवाज हे कारण पुरेसं असू शकतं, मला त्यात काही चूक वाटत नाही.

तोपर्यंत पारडं टर्बोकडे झुकलं होतं पण निर्णय झाला नव्हता, कारण इंटरकूलरवाला चांगला ट्विन स्क्रू (हवा आतच दाबणारा सुपरचार्जर) किंवा नव्या पद्धतीचा रोटर घेतला तर उष्णतेचा बराचसा फरक भरून निघतो, खर्च वाढतो एवढंच. निर्णय केला तो उंचीने.

बेल्टने फिरणाऱ्या ब्लोअरची पुली ठरलेली, त्यामुळे तो दाब ठरावीक पटीत वाढवतो, ठरावीक आकड्याने नाही. पायथ्याला हवेचा दाब १ बार, गुणिले १.४१, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये १.४१. वर २००० मीटरला हवेचाच दाब ०.८ च्या आसपास उरतो, गुणिले तेच १.४१, म्हणजे १.१३. नेमकं जिथं चढ संपत नाही आणि ताकद हवी तिथं ब्लोअर पण इंजिनासारखाच धाप टाकतो. टर्बोचं तसं नाही. वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह, उघडतो तो बूस्टच्या दाबाने, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरसुद्धा वर ०.८ मध्ये ०.४१ मिळवले जातात, १.२१ झाले. आणि ईसीयूला वेस्टगेटचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) देऊन मॅनिफोल्डचा एकूण दाब १.४१ च ठेव असं सांगितलं तर टर्बो जास्त वेगाने फिरतो, १.७६ पट दाब बनवतो आणि इंजिनाला उंची जवळजवळ कळतच नाही. अर्थात त्यासाठी कंप्रेसरमध्ये तेवढी जागा शिल्लक हवी, ती आधीच कंप्रेसर मॅपवर, म्हणजे कंप्रेसर किती हवा किती दाबाने देतो त्या आलेखावर, बघावी लागते.

यात नवीन काहीच नाही, टर्बोची ओळखच मुळात अशी झाली. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांचं पेटंट १९०५ चं, पण १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर, जवळपास ४३०० मीटरवर नेलं आणि तिथल्या विरळ हवेत टर्बो लावून ते समुद्रसपाटीइतकी ताकद देतं हे दाखवून दिलं. रोज सपाटीवर गाडी चालवणाऱ्याला हा गुण कधी दिसतच नाही म्हणून टर्बो-सुपरचार्जरच्या वादात तो येतही नाही. पण ज्याचा आवडता रस्ताच वर चढतो त्याच्यासाठी हाच पहिला मुद्दा असायला हवा. मित्राला हे आकडे लिहून दिले आणि तो म्हणाला, "मग संपलं की, टर्बो."

टर्बो कुठला? इथं लोक भविष्याचा विचार करून एक माप मोठा घेतात, पुढे इंजिन बांधू तेव्हा कामाला येईल म्हणून, आणि मग रोज लॅग भोगतात. आम्हाला हवी होती क्रँकला १६५-१७० हॉर्सपॉवर, बस. हवा लागणार सेकंदाला जास्तीत जास्त १४० ग्रॅमच्या आत. गॅरेटच्या जुन्या नावात जीटी२५५४आर असं असतं ना, त्यात २५ म्हणजे फ्रेम, ५४ म्हणजे कंप्रेसर चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि आर म्हणजे बॉल बेअरिंग, त्याच वर्गातला टर्बो घेतला. पायथ्याचा आणि डोंगरमाथ्याचा असे दोन्ही बिंदू कंप्रेसर मॅपवर मांडून बघितले, दोन्ही चांगल्या कार्यक्षमतेच्या भागात पडत होते, सर्जच्या, म्हणजे हवा उलटी फिरायला लागते त्या, रेषेपासून लांब. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि तेवढं केल्याशिवाय टर्बो घेऊ नका, कोणीही कितीही भरवशाने सुचवला तरी.

इंजेक्टरचं गणित पण साधं आहे. बूस्टवर दर हॉर्सपॉवरला तासाला ०.२७ किलो पेट्रोल धरा. १७० ला झाले ४६ किलो, चार इंजेक्टर म्हणजे प्रत्येकी साडेअकरा, इंजेक्टर ८५ टक्क्यांवर चालवायचा तर साडेतेरा, पेट्रोलची घनता ०.७४ धरून लिटरमध्ये केलं तर तासाला सव्वाअठरा लिटर, म्हणजे मिनिटाला ३०० सीसीच्या जरा वर. चारशेच्या आसपासचे घेतले, थोडी जागा राहिली. पंप पण बदलला.

बसवण्याबद्दल सगळं लिहीत नाही, पण जिथं लोक घाईत कापाकापी करतात त्या जागा सांगतो. बॉल बेअरिंग टर्बोला ऑइल कमी लागतं, लाइनमध्ये एक मिलिमीटरच्या आसपासचा रेस्ट्रिक्टर हवा, नाहीतर सीलमधून ऑइल ढकललं जातं आणि निळा धूर बघून लोक टर्बो खराब म्हणून परत पाठवतात. परतीची लाइन मात्र जाड आणि सरळ उताराची, कुठं वाकून खड्डा न पडणारी, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीच्या वर उतरणारी, कारण ते ऑइल फक्त आपल्या वजनाने खाली येतं, त्याच्यामागे दाब नसतो. पाण्याच्या लाइन लावा, गाडी बंद केल्यावर पंप थांबतो पण गरम पाणी आपोआप वर सरकत राहतं आणि बेअरिंगची उष्णता घेऊन जातं. क्रँककेसच्या व्हॉल्व्हला बूस्ट मागे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह. प्लग एक माप थंड आणि गॅप ०.८ मिलिमीटरच्या आसपास, कारण दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जुन्या कॉइल तिथं हार मानतात.

आणि या इंजिनाची स्वतःची एक खोड आहे. मूळ डिझाइन आडवं बसणाऱ्या इंजिनाचं, एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या बाजूला आणला, त्यामुळे पाणी पुढून येतं आणि पुढूनच निघतं आणि मागचा चौथा सिलिंडर कायम जास्त गरम राहतो. बिनबूस्टचं चालून जातं. बूस्टवर, तेही लांब चढावर, चालू नये. म्हणून पाण्याचा रस्ता बदलून बाहेर पडायची जागा हेडच्या मागच्या बाजूला घेतली. हे काम टर्बोइतकंच महत्त्वाचं मानलं आणि त्याच वेळी करून टाकलं, नंतर करू म्हटलं की ते नंतर कधी येत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड, म्हणजे तो धरून ठेवणारे बोल्ट, हे या गाडीच्या टर्बोचं दुखणं म्हणून सगळ्यांना माहीत आहे. एक्झॉस्ट गॅस ८५०-९०० अंशांपर्यंत जातो, लोखंड फुगतं आणि आकसतं, साधे स्टड ताणले जातात, नट ढिले होतात आणि मग टर्बो लटकतो. उष्णता सोसणाऱ्या इन्कोनेलचे स्टड, लॉकिंगवाले नट, आणि टर्बोचं वजन पेलायला खालून ब्रॅकेट. डाउनपाइपमध्ये (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपात) लवचिक जोड, म्हणजे इंजिन हललं तरी सगळं वजन स्टडवर येत नाही. टर्बाइनला गुंडाळी, ब्रेकच्या लाइनजवळ हीट शील्ड.

कायद्याचं आणि विम्याचं आपापल्या ठिकाणी आधीच विचारून घ्या, काम झाल्यावर नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आम्ही ठेवला. टर्बोमुळे तो उशिरा गरम होतो एवढं खरं, पण काढून टाकायचं कारण काहीच नव्हतं.

ट्यूनिंगमध्ये घाई केली नाही. सुरुवात नुसत्या वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, सोलेनॉइड बंद. बूस्टवर मिश्रण ११.५ ते १२ च्या मध्ये, म्हणजे एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा, शांत चालवताना नेहमीचं १४.७. टायमिंग आधी भरपूर मागे, दर ०.०७ बारला एक अंश या जुन्या अंदाजाने, आणि मग नॉक ऐकत ऐकत थोडं थोडं पुढे. थांबायचं कुठं? टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं, नॉक यायची वाट बघायची नाही. पेट्रोल जे रोज मिळतं त्यावरच मॅप केला, खास भारी पेट्रोलवर नाही, कारण डोंगरात कुठल्या पंपावर काय मिळेल याचा नेम नसतो. इनटेकचं तापमान वाढलं की ईसीयू स्वतः टायमिंग मागे घेतो आणि बूस्टही कमी करतो, ही सोय आधी तपासली आणि मगच बूस्ट वाढवला. मिश्रण पातळ झालं तर इंधन तोडायचं, तेही आधीच घातलेलं.

टर्बोचा जो फायदा मला फार मोठा वाटतो पण त्याबद्दल लोक बोलत नाहीत तो इथं कळला. टॉर्कचा आकार आपल्या हातात असतो. ब्लोअर पुलीप्रमाणे जे देईल ते देईल. टर्बोला आम्ही सांगितलं, पहिल्या गिअरमध्ये स्प्रिंगपुरताच बूस्ट, दुसऱ्यात थोडा जास्त, तिसऱ्यापासून पूर्ण. आणि बूस्ट थ्रॉटलच्या प्रमाणात बांधला, अर्धा पाय तर अर्ध्याच्या आसपास बूस्ट, म्हणजे ओल्या रस्त्यावर वळणातून निघताना मागचं चाक अचानक सुटत नाही. पाच स्पीडचा गिअरबॉक्स या गाडीचा नाजूक भाग, मोठा टॉर्क त्याला झेपत नाही. आम्ही २०० न्यूटन-मीटरच्या आसपास थांबलो आणि तेही हळूहळू चढत जाणारे, एकदम आदळणारे नाहीत. हलक्या गाडीला तेवढे पुष्कळ होतात.

आता गाडी कशी चालते? शहरात पूर्वीसारखीच, खरंच काही फरक जाणवत नाही, आणि तसंच हवं होतं. थ्रॉटल अर्ध्याच्या बराच आत असेल तर बूस्ट जवळजवळ नाही, अॅव्हरेज पण पूर्वीच्या जवळच. २५०० च्या वर पाय दाबला की आधी एक बारीकसा विराम आणि मग सलग ओढ. तो विराम आहे, नाही असं मी म्हणणार नाही, आणि चांगल्या ब्लोअरवर तो नसता. पण ३५०० च्या वर, जिथं डोंगरात तो कायम असतो, तिथं शोधूनही सापडत नाही. आणि वर, माथ्याजवळच्या शेवटच्या लांब चढावर, जिथं आधी दुसरा गिअर सोडताच यायचा नाही, तिथं आता तिसऱ्यात ओढत जाते. मित्र मला शेजारी बसवून तोच चढ दाखवायला घेऊन गेला, आणि बोलला काही नाही, नुसता गेजकडे बोट दाखवलं, काटा खालच्याइतकाच.

ट्रॅफिकमध्ये मात्र बोनेटखालची उष्णता जाणवते, सावकाश गर्दीतून बाहेर पडल्यावर पहिल्या मिनिटभर इनटेकचं तापमान चढलेलं असतं आणि ईसीयू ताकद आवरून धरतो. हवा वाहू लागली की उतरतं. ऑइल बदलायचं अंतर पूर्वीपेक्षा बरंच कमी केलंय आणि दर वेळी ऑइल बदलताना स्टडचे नट तपासायचे हा नियम.

हेच प्रकरण दुसऱ्या गाडीचं असतं तर उत्तर बदललं असतं का? हो, सहज. समजा टोयोटा ८६ आहे, कॉम्प्रेशनच १२.५, मालक सपाटीवर राहतो, इंजिन मूळचंच वर फिरायला आवडणारं आणि त्याला खाली एकदम येणारा टॉर्क नकोच, तर कमी बूस्टचा सेंट्रिफ्युगल त्याला मी डोळे मिटून सांगेन, कारण एवढ्या कॉम्प्रेशनवर खालच्या आरपीएमला जास्त बूस्ट म्हणजेच नॉकिंगचा सगळ्यात मोठा धोका, आणि नेमका तिथंच हा शांत असतो. समजा मोठं व्ही८ आहे, बोनेटखाली दोन्ही बाजूंना मॅनिफोल्ड आणि जागा फक्त वर, तर इंटरकूलर पोटात असलेला ब्लोअर वर ठेवणं हे टर्बोच्या पाइपांच्या जंजाळापेक्षा कितीतरी सोपं. आणि समजा गाडी फक्त शहरातच, ऑटोमॅटिक, सिग्नलवरून निघताना हलकं वाटावं एवढीच इच्छा, तर छोटा रूट्स, कमी बूस्ट, विषय संपला.

मित्राने आता विचारलंय की सोलेनॉइड अजून थोडा दाबला तर किती निघेल. मी गिअरबॉक्स बदलल्याशिवाय मॅपला हात लावणार नाही असं सांगितलंय, आणि सध्या तो सहा स्पीडचा गिअरबॉक्स शोधतोय.